हाफ्याला डबल बेल

"पंखा लावायचा न्हाई!"

आईचा हात बटणावरच थबकला. मे महिना, दुपारचे चार, सांगलीचं ऊन, आणि कॉलनीच्या हॉलमध्ये महिला मंडळाच्या आम्ही अठरा बायका. पण दारातल्या लोखंडी खुर्चीवरून मगदूम आण्णांनी असा आवाज टाकला की बटण दाबायची कुणाची छाती झाली नाही.

"अहो आण्णा, उकाड्यानं जीव चाललाय," आई काकुळतीला आली. "एकवर तरी लावू द्या."

"एकवर न्हाई आणि अर्ध्यावर न्हाई. हाफ्या उडून जाईल."

हाफ्या हॉलच्या मधोमध बसला होता. पाच फूट लांब, चार फूट रुंद, तांबूस रंगाचा, छातीवर पांढरा पट्टा, डावा कान मोडलेला. हाफ्या म्हणजे आण्णांचा कुत्रा, आणि तो मार्च महिन्यातच गेला होता. हा जो बसला होता तो रांगोळीचा होता आणि तो माझा प्रताप होता. अठरा बायका भिंतीला पाठ चिकटवून पदरानं वारा घेत होत्या आणि सगळ्यांच्या नजरा माझ्यावर होत्या.

"वैजे," आई दातांतल्या दातांत पुटपुटली, "रविवारी तुझा साखरपुडा आहे. ह्याच हॉलमध्ये. आहे ना लक्षात?"

लक्षात होतं. तो बुधवार होता.

ह्या गोष्टीला आता पंचवीस वर्षं होत आली. तेव्हा मी चोवीस वर्षांची, रांगोळीच्या स्पर्धांतून बक्षिसं मारणारी आणि त्यामुळे जरा हवेत चालणारी. ठिपक्यांची रांगोळी कुणीही काढतं हो. मी काढायची माणसांचे चेहरे. पोटाखाली फळी घेऊन जमिनीवर पालथं पडायचं आणि चिमटीनं एकेक सुरकुती सोडायची. पण कागद-पेन्सिल हातात दिली की माझा हत्ती आणि माझा बटाटा यांत फरक करता यायचा नाही. माझी जी काय अक्कल होती, ती तीन बोटांत.

भूपाल मगदूम आण्णा आमच्या समोरच्या घरात राहायचे. एसटीत तीस वर्षं कंडक्टर होते. बायको जाऊन दहा वर्षं झालेली, मुलगा बेंगळुरात. हाफ्या त्यांना मिरज-जत गाडीत शेवटच्या सीटखाली सापडला होता, मुठीएवढा. "ह्याचं फुल तिकीट होत न्हाई," म्हणत त्यांनी त्याला शर्टात घालून घरी आणला आणि हाफ्या हेच नाव पडलं.

निवृत्त झाले तरी आण्णांची ड्युटी सुटली नाही. तिकिटं पंच करायचा जुना चिमटा कायम खिशात. पहाटे साडेपाचला ते गेटशी यायचे आणि चिमट्यानं लोखंडी फाटकावर दोनदा वाजवायचे. टण टण. डबल बेल, म्हणजे गाडी सोडा. हाफ्या निघायचा. वाटेत कुठं थांबवायचा असला की खांबावर एकदाच, टण. सिंगल. हाफ्या जागच्या जागी बूड टेकायचा, ते पुन्हा डबल मिळेपर्यंत हलायचा नाही. अख्खी कॉलनी त्या टण टणवर उठायची. गजर लावायची रीतच नव्हती आमच्यात.

हाफ्याचा एकच दुर्गुण. कुणी धुतलेले, इस्त्रीचे कपडे घालून दिसलं की ह्याच्या अंगात यायचं. दोन पाय छातीवर, आणि मातीचे ठसे. आमचे सेक्रेटरी शेडबाळे सर, त्यांच्या पांढऱ्या पँटीवर तर त्याचा विशेष जीव. आठवड्यातून दोनदा तरी गेटवर ओरडा व्हायचा, "आण्णा, तुमचा कुत्रा आवरा!" आणि आण्णा शांतपणे म्हणायचे, "झटका सर, झटका. जातंय."

आणि आण्णांचा एक नियम होता. हाफ्याला दुसऱ्या कुणी काही खायला घालायचं नाही. "ड्युटीवरच्या माणसानं परक्याच्या हातचं खाऊ नये." कॉलनीत हा नियम सगळे पाळायचे. मी सोडून. पण ते पुढं येईल.

मार्चमध्ये नातवाचं बारसं निघालं आणि आण्णा आठ दिवस बेंगळुरूला गेले. भाकरी-दूध घालायला फक्त वॉचमनला परवानगी. नवव्या दिवशी ते परत आले, तर हाफ्या आदल्या रात्रीच गेलेला. गेटशीच, झोपेत. चौदा वर्षांचा होता. डॉक्टर म्हणाले, वय झालं. आण्णांनी दार लावून घेतलं ते लावूनच. पहाटेचं टण टण बंद. दुधाच्या पिशव्या दाराशी पडून नासायला लागल्या. शेडबाळे सरांना तीनदा शाळेला उशीर झाला, इतकी कॉलनीला झोप लागायला लागली. आई डबा घेऊन जायची, तो संध्याकाळी तसाच परत यायचा.

मला ते बघवेना. काहीतरी करायला हवं होतं, आणि मला करता काय येत होतं? हाफ्याचा एक धड फोटोसुद्धा नव्हता कुणाकडे. म्हणून मंगळवारी सकाळी मी हॉलची किल्ली घेतली. बाहेर वारा, म्हणून हॉलमध्ये. दहा तास पालथी पडले होते. केसांचा तांबूस रंग जमेपर्यंत गेरू, काव, विटकरी, सगळं चाळणीतून गाळून झालं. सगळ्यांत शेवटी डोळे, आणि डोळ्यांत पांढऱ्याची एकेक चिमूट. ती पडली आणि हाफ्या माझ्याकडे बघायला लागला. माझ्याच अंगावर काटा आला.

संध्याकाळी मी आण्णांना हाताला धरून आणलं.

ते दारातच थांबले. खूप वेळ. मग चपला काढून आत आले, रांगोळीपाशी मांडी घालून बसले आणि म्हणाले, "आलास व्हय."

मी रडले. आई रडली. शेडबाळे सरसुद्धा चष्मा पुसत होते. दोन महिन्यांनी माणूस घराबाहेर पडला होता हो! मला वाटलं, जिंकलं. रांगोळी ती, उद्या सकाळी झाडायची असते, हे त्या क्षणी माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. मला, जिनं शंभर रांगोळ्या स्वतःच्या हातानं झाडल्या होत्या!

सकाळी हॉल झाडणाऱ्या पारूबाई धावत घरी आल्या. "वैजूताई, आण्णा केरसुणी हिसकावून घेऊन दारात बसल्यात."

तिथून पुढं सगळी तऱ्हाच. आण्णांनी रांगोळीभोवती चार खुर्च्या मांडून सुतळी बांधली. पंखे बंद, खिडक्या बंद. हॉलमध्ये शिंकायचं झालं तरी बाहेर जायचं. एक मात्र खरं, आण्णा जेवायला लागले. डबा तिथंच मागवायचे आणि चाटूनपुसून परत पाठवायचे.

गुरुवारी मी फोटोग्राफरला घेऊन आले. म्हटलं, मोठा फोटो काढू, फ्रेम करू, आण्णा भिंतीवर लावतील आणि माझी सुटका होईल. तो स्टुलावर चढला, फ्लॅश मारला. फोटो आला तर त्यात हाफ्या चपटा, पाय आखूड, आणि दोन्ही डोळे फ्लॅशनं पांढरे फटक. आण्णांनी फोटो हातात धरला, लांब धरला, जवळ धरला. "ही घोरपड कुणाची गं?" असं विचारून परत दिला.

शुक्रवारी कॉलनीची मीटिंग भरली. अर्थातच हॉलमध्ये, भिंतीला चिकटून, घामाच्या धारांत.

"वरून काच बसवू," एक जण म्हणाला.

"आणि त्या काचेवरून वऱ्हाड चालवणार? पाय मोडून घ्यायचेत पाहुण्यांचे?"

"गोंद शिंपडा वरनं. चिकटून बसंल."

"चिकटून काय बसंल, त्याचा लगदा हुईल लगदा!"

"अहो पण हॉल सगळ्यांचा आहे," शेडबाळे सर हळूच म्हणाले. आण्णा दारातूनच म्हणाले, "हाफ्या पण सगळ्यांचाच हुता की." शेवटी सगळे माझ्याकडे वळले. "वैजू, तू काढलीस, तूच झाड. तुझ्याच साखरपुड्यासाठी हॉल हवा आहे."

तूच झाड! बोलायला काय जातंय लोकांचं? एकदा गेलेला कुत्रा आण्णांच्या डोळ्यांसमोर माझ्या हातानं परत घालवायचा, आणि मग त्याच हातात अंगठी घालून घ्यायची? हा माणूस पुन्हा दार लावून घेईल, आणि ह्या वेळी ते उघडायचं नाही, ह्याची मला धास्ती होती. रात्रभर मी तळमळत होते.

शनिवारी सकाळी निर्णय घेऊन टाकला. सुहासला, म्हणजे होणाऱ्या नवऱ्याला, इस्लामपूरला फोन लावला. "हॉल मिळत नाही. आमच्या गच्चीवर मांडव घालतो. चालेल?"

"मेच्या उन्हात गच्चीवर? का बरं, हॉलला काय झालं?"

"हॉलमध्ये कुत्रा बसलाय."

"मग हाकला की."

"तेच तर जमत नाहीये," मी म्हटलं आणि फोन ठेवला. हा माणूस लग्न मोडणार, असं मला वाटलं. नाही मोडलं.

मग मी आण्णांकडे गेले. ते खुर्चीत बसून हाफ्याकडं बघत होते. मी सुतळीच्या अलीकडे बसले.

"आण्णा, तुमची रांगोळी राहू द्या. आम्ही गच्चीवर करतोय. कुणी हात लावायचं नाही तिला, मी सांगितलंय सगळ्यांना."

मला वाटलं, खूश होतील. पण आण्णांचं तोंड उलट आणखीच उतरलं.

"वैजे, एक विचारू? राग मानू नगंस."

"विचारा की."

"तू ह्याला बसलेला का काढलास?"

मी गडबडले. "म्हणजे? आमच्या खिडकीतून शेवटी तसाच दिसायचा ना. गेटशी बसलेला. तुम्ही बेंगळुरूला होता तेव्हा."

"त्येच," आण्णा म्हणाले. त्यांनी खिशातनं चिमटा काढला आणि नुसताच हातात फिरवला. "जाताना मी फाटकावर सिंगल मारली. म्हटलं, थांब, आलोच. आणि गेलो नातवाच्या बारशाला. आठ दिवस जिलबी खाल्ली मी तिथं. आणि हे लेकरू इथं उन्हात बसून. वॉचमन म्हणाला, आण्णा, गेट सोडलं न्हाई बघा त्यानं. कसं सोडंल? डबल दिलीच नव्हती ना मी. तसाच गेला." त्यांचा आवाज फाटला. "तू रांगोळी काढलीस आणि परत तसाच बसला. चार दिवस मी हितं बसून बघायलोय. वाटतंय, आता उठंल. पण न्हाई उठत. आणि त्याला बसलेला टाकून मी घरी कसा जाऊ? एकदा गेलो ते गेलोच की."

चार दिवस आम्ही सगळे समजत होतो की माणूस रांगोळी राखतोय. आणि मला जे माहीत होतं ते फक्त मलाच माहीत होतं, आणि दोन महिने ते मी कुणाला सांगितलं नव्हतं, आईलाही नाही.

"आण्णा, मी एक सांगितलं तर मारणार नाही ना?"

"काय?"

"तो नव्हता बसलेला."

आण्णांनी मान वर केली.

"म्हणजे बसायचा. सकाळी बसायचा. पण दीड वाजला, वॉचमन जेवून आडवा झाला की हाफ्या उठायचा आणि आमच्या मागच्या दारानं माझ्या खोलीत यायचा. दूधभाकरी खायचा. मग टेबलफॅनसमोर थंड फरशीवर चारी पाय वर करून झोपायचा. पाच वाजता वॉचमन उठायच्या आत परत गेटवर. असा बसायचा, असा बसायचा, की जसा काही सकाळपासून हललाच नाही!"

"हाफ्या?" आण्णा ओरडले. "सिंगल तोडून?"

"रोज. आणि आठ दिवसच नाही, तुम्ही इथं असताना पण. तुम्ही दुपारचे झोपलात की. चार वर्षं."

"चार वर्षं!"

आता मला रडूच फुटलं. "आणि होळीला मी त्याला पुरणपोळ्या घातल्या. तीन. तूप लावून. तुम्ही नको म्हणून सांगितलं होतं तरी. आणि त्यानंतर दोनच दिवसांनी तो गेला. माझ्यामुळेच गेला असेल, आण्णा. म्हणून मी तुमच्यासमोर यायलाच भीत होते. म्हणून तर ही रांगोळी काढली."

आण्णा माझ्याकडे बघतच राहिले. आता हे चिमटा फेकून मारतात की काय, असं मला वाटलं.

"तीन पोळ्या?" ते म्हणाले.

"तीन."

"तूप लावून?"

"हो."

"आणि पंख्याखाली झोपायचा?"

"घोरायचासुद्धा."

आण्णांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. रडतही होते. पण त्यातून जे बाहेर पडलं ते हसू होतं. एवढं मोठं, की पारूबाई काय झालं म्हणून बाहेरनं धावत आल्या. "अगं चौदा वर्षांचं ते म्हातारं," आण्णा धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत म्हणाले, "तीन पोळ्या पचवून दोन दिवस जगलं की! आणि मी हितं झुरायलोय, उपाशी गेला, उन्हात गेला म्हणून! लबाड! विनातिकीट लेकाचा! तीस वर्षं मी गाडीत फुकटे पकडले, आणि घरातला फुकट्या मला घावला न्हाई!"

मग आम्ही दोघंही हाफ्याकडे बघत बसलो. आता तो मला एवढा गरीब दिसेना. ओठाच्या कोपऱ्यात जरा तूप लागल्यासारखंच वाटत होतं.

"गच्चीवर मांडव घालू नगंस," उठताना आण्णा म्हणाले. "पाव्हणं किती वाजता येणार?"

"दहाला."

"मी साडेनऊला येतो."

रविवारी आण्णा बरोबर साडेनऊला आले. दाढी केलेली, पांढरं धोतर, पांढरा सदरा. हॉलमध्ये सगळी कॉलनी जमली होती. नवी पातळं, इस्त्रीचे सदरे, शेडबाळे सर कडक पांढऱ्या पँटीत. मी हिरवा शालू नेसून हातात केरसुणी घेऊन उभी. नवरीचा असला थाट कुणी बघितला नसेल. आणि तेवढ्यात फाटकाशी जीप थांबली. इस्लामपूरकर अर्धा तास आधीच आले. सुहास पुढं, पांढरा सफारी घालून. माझ्या हातातली केरसुणी बघून तो दारातच थबकला.

"पाव्हणं, जरा थांबा," आण्णा म्हणाले. "एक गाडी सुटायचीय."

आण्णांनी सुतळी सोडली. खुर्च्या बाजूला केल्या. मी केरसुणी खाली टेकवली, तसा त्यांनी माझा हात धरला.

"त्यानं नगं. पंख्याचा शौक हुता न्हवं त्याला?"

ते खिडकीपाशी गेले. खिशातनं चिमटा काढला आणि खिडकीच्या गजावर दोनदा वाजवला.

टण टण.

दोन महिन्यांनी तो आवाज ऐकला आम्ही. आणि आण्णांनी तिन्ही पंख्यांची बटणं एकदम पाचवर नेली.

आधी काहीच झालं नाही. पंखे कुरकुरले, फिरले, आणि मग हाफ्या हलला. पाठीवरचे केस उठले, मोडका कान उठला, आणि भस्सकन सगळा रंग जमिनीवरून वर आला. गेरू, काव, विटकरी, पांढरा! बायका किंचाळल्या. माझा शालू, आईचं नवं पातळ, सुहासचा सफारी, कुणी म्हणजे कुणी सुटलं नाही. शेडबाळे सर दोन्ही हात पसरून आपल्या पँटीकडे बघत होते. मांडीपासून गुडघ्यापर्यंत तांबूस पट्टे. आणि सवयीनंच, चौदा वर्षांच्या सवयीनं, ते गरजले:

"आण्णा, तुमचा कुत्रा आवरा!"

आणि गप्प झाले.

आण्णांच्या पांढऱ्या सदऱ्यावर, बरोबर छातीवर, विटकरी रंग बसला होता. त्यांनी त्याच्यावर हात ठेवला, पण झटकला नाही.

"झटका सर, झटका," ते म्हणाले. "गेला तो."

सुहासनं सफारी झटकला आणि मला विचारलं, "हाच का तो हॉलमधला कुत्रा?" मी हो म्हटलं. "बरा होता की," तो म्हणाला आणि आत आला.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला फाटकावर टण टण वाजलं आणि अख्खी कॉलनी उठून बसली. मी खिडकीतून बघितलं. आण्णा एकटेच निघाले होते, हात मागं बांधून, झपझप.